बैलाने खाल्लेले विडे

१९५१ साल. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि अमरावतीच्या कमेटीत, म्हणजे नगरपालिकेत, पाण्याच्या गाड्यांचा जमादार होतो. शाळा शिकलो दुसरीपर्यंत, तीही गुरं चारायची नसत तेव्हा. पण जमादाराला शाळा लागत नव्हती, आवाज लागत होता, तो माझ्याकडे होता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात मी एका माणसाचा हेवा केला असं येईल. केला. आजही करतो. हेवा निकम्म्या माणसाला होत नाही. ज्याच्याजवळ काही असतं आणि ते दुसरा उचलून नेतो, त्यालाच होतो.

त्याचं नाव मी लिहीत नाही. त्याने मला एकदाही नावाने हाक मारली नाही, मग मी कशाला त्याचं नाव कागदावर चढवू? साहेब म्हणतो, तेवढं पुरे.

साहेब अचलपूरचा. घराणं भिक्षुकाचं. बाप लोकांच्या घरी सत्यनारायण सांगायचा, हा कचेरीत चिकटला. उंच, पाठीत थोडा वाकलेला, अंगात काळा कोट आणि हातात छत्री. ती छत्री उघडलेली कोणी पाहिली नाही. वैशाखात आमच्याकडे डोक्यावर निखारे पडतात, तरी ती बंदच. कोणी विचारलं तर म्हणायचा, "हे माझं बोट आहे. बोट कोणी उघडून धरतं का?" आणि खरंच, माणूस दाखवायचा तो छत्रीच्या टोकाने. कोर्टातले वकीलही ते टोक आपल्याकडे वळलं की बाजूला सरकत.

आता तो अमरावतीत कसा आला ते सांगतो. फाळणीत घरदार सोडून आलेली सिंधी माणसं मुंबईकडच्या छावण्यांत पडून होती. नागपूरच्या सरकारने त्यातली काही आमच्या वऱ्हाडात घ्यायची ठरवली, काही अमरावतीला, काही अकोल्याला. अमरावतीच्या माणसांसाठी बडनेऱ्याच्या रस्त्यावर लढाईच्या वेळच्या बराकी झाडून ठेवल्या. रेल्वेने माणसं आणायची, पुरवठा खात्याने धान्य आणि रॉकेल द्यायचं, दवाखान्याने सुया टोचायच्या, पोलिसांनी बंदोबस्त पाहायचा, आणि पाणी आमच्या कमेटीने न्यायचं. प्रत्येक खातं आपलं आपलं काम नेकीनं करत होतं. शेजारच्या खात्याचं विचारलं, तर एकच उत्तर यायचं, "कळवलं आहे."

पहिली गाडी आली त्या दिवशीचं ऐका. पुरवठ्याचा साहेब नवा, जबलपूरकडचा. वरून निरोप आला की अमरावतीची माणसं येत आहेत. त्याने अमरावतीच्या स्टेशनावर मांडव घातला. अहो, आमच्या इकडे दूध पिणाऱ्या पोराला माहीत आहे की मोठी गाडी अमरावतीला येतच नाही. ती बडनेऱ्याला थांबते आणि मुंबईकडे नाही तर नागपूरकडे निघून जाते. त्याला कोणी सांगितलं नाही. रेल्वेने म्हणे कळवलं होतं. शहरातल्या वकील-मास्तरांच्या घरच्या बाया टोपल्या भरून पुऱ्या आणि बटाट्याची भाजी घेऊन अमरावती स्टेशनात बसल्या, हातात हार. आणि बायका-पोरं घेऊन ती माणसं बडनेऱ्याच्या फलाटावर उन्हात.

दोन्ही ठिकाणं पाहिली ती फक्त मी. बडनेऱ्याला पाणी टाकून परत येताना मी अमरावतीच्या स्टेशनावर हा हारांचा तमाशा पाहिला. कोणाला विचारत बसलो नाही. रिकाम्या पिंपांवर टोपल्या बांधल्या आणि माझ्या गाड्या परत बडनेऱ्याला फिरवल्या. बाया मागून टांग्यांत.

दुसऱ्या दिवशी पुरवठ्याच्या साहेबाने रस्त्यात माझी गाडी थांबवली. तंबूतून लोखंडी घडीची खुर्ची आणवली. "बैठो जमादार," म्हणाला. कपबशीत चहा दिला. त्या दिवसापासून जो तो माझी गाडी थांबवू लागला. दवाखान्याचा डॉक्टर विचारे, "काय जमादार, छावणीत कोणाला जुलाब?" पोलिसाचा हवालदार विचारे, "उद्याची गाडी किती वाजता?" मी पाणी टाकायला सगळीकडे जायचो, सगळीकडचं माझ्या कानावर पडायचं. एकाचं दुसऱ्याला सांगायचं, आणि खुर्ची. माझी गाडी पाण्याने भरलेली असे त्याहून जास्त खबरीने भरलेली असे. माझ्या आयुष्यात तेवढी इज्जत मला ना आधी मिळाली, ना नंतर.

आणि मग साहेब आला. छावणीचा अधिकारी म्हणून त्याला बसवलं. आल्या आल्या छत्रीचं टोक माझ्याकडे केलं.

"तुम्हीच का ते पुऱ्यावाले?"

मी छाती काढून म्हणालो, "हो, मीच."

"पुऱ्यांना वाट बैलांनी दाखवली. ही शोभा नाही, पाणी."

"मले नाव हाये, साहेब."

"नाव घरी ठेवा. इथे तुम्ही पाणी. हे दवाखाना, हे रॉकेल, ती काठी." काठी म्हणजे हवालदार. तो बिचारा आपल्याच काठीकडे पाहत राहिला.

"अन् तुमी कोन?" मी विचारलं. मी काही कोणाच्या बापाला भीत नव्हतो.

"मी तबक," साहेब म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी समजलं. बराकींसमोर एक मोठं कडुनिंबाचं झाड होतं. त्याच्याखाली सतरंजी अंथरून साहेब बसला होता, समोर पितळी तबक, तबकात लवंग टोचलेले विडे. अंजनगावच्या मळ्यातली पानं, ओल्या फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेवलेली. ती सुकू नयेत म्हणून फडक्यावर पाणी शिंपडावं लागे, आणि पाणी कोणाचं? माझ्या पिंपातलं. त्याची पानं माझ्या पाण्यावर टवटवीत राहत, आणि मी त्याच्या पानांमुळे सुकत गेलो.

त्याची रीत अशी. गावात मोठं काम निघालं की पंचांपुढे विडा ठेवतात, ज्याने उचलला त्याच्यावर काम. साहेबाने ते खबरीला लावलं. रोज सकाळी प्रत्येक खात्याच्या माणसाने निंबाखाली यायचं. विडा उचलायचा आणि मग बोलायचं. विडा न उचलता बोललेलं साहेब ऐकतच नसे, सरळ सुपारी कातरत बसे. आणि उचलला की सगळ्यांसमोर बोललेला शब्द तुमचा. मग "कळवलं होतं" चालायचं नाही. "कळवलं" हा शब्द कोणी काढला की अडकित्त्याचा आवाज मोठा व्हायचा. साहेब म्हणायचा, "कळवलं आणि कळलं यांच्यामध्ये अमरावती-बडनेऱ्याएवढं अंतर आहे."

आणखी एक खोड. लोक विचारतात, काय खबर? हा विचारायचा, "काय माहीत नाही तुम्हाला?" पहिला प्रश्न हाच. डॉक्टर असो की हवालदार. म्हणायचा, "माहीत आहे ते उद्याही सांगता येईल. माहीत नाही ते आज सांगा, शेजाऱ्याजवळ असेल." आणि असायचंच. रॉकेल म्हणे, उद्या नवी माणसं किती ते माहीत नाही. शेजारी रेल्वेचा बाबू विडा चघळत सांगे. झालं. दोघे हसत उठत.

स्वतः साहेब पान खात नव्हता. दात पांढरे शुभ्र. लवंग तेवढी चघळायचा. मी एकदा त्याच्या शिपायाला म्हणालो, "जो सोता पान खात नाही त्यानं दुसऱ्याले काहून चघळवावं?" शिपाई म्हणाला, "हलवाई मिठाई खाते का, जमादार?"

माझ्यासाठीही एक विडा रोज असे. मी गेलो नाही. पहिल्याच दिवशी रस्त्यावरून ओरडून सांगितलं, "दुसऱ्याच्या तबकातला विडा मी उचलत नाई! ज्याले पानी पायजे त्यानं गाडीपाशी यावं!" सगळ्यांनी ऐकलं. साहेबानेही ऐकलं. सगळे उठून गेले की राहिलेला माझा विडा घेऊन तो माझ्या गाडीपाशी आला आणि माझ्या डावीकडच्या बैलाला, हौश्याला, चारला.

"तुम्ही नाही तर तुमचा बैल," म्हणाला आणि गेला.

असं रोज. माझ्या नावाचा विडा लागायचा आणि हौश्या खायचा. थोड्याच दिवसांत हौश्या असा बिघडला की निंबापाशी आला की जू ओढत झाडाकडे वळे. मी चाबूक दाखवला तरी मुंडी तिकडेच. तोंडातून लाल लाळ. छावणीतली पोरं टाळ्या वाजवत आणि हवालदार म्हणे, "जमादारापक्षा बैल शहाना बाप्पा!" हसा. मी मात्र हसलो नाही.

कारण इकडे माझी खुर्ची गेली होती. कोणी गाडी थांबवत नव्हतं. सकाळी निंबाखाली सगळ्यांना सगळं समजलेलं, मला कोण विचारतो? पुरवठ्याचा साहेब समोरून गेला तर मान हलवून जाई. ती लोखंडी खुर्ची मी निंबाखाली पाहिली, तिच्यावर पानांची टोपली ठेवली होती. तुम्हीच सांगा, कसं वाटलं असेल.

मी मनाशी म्हणायचो, माझ्याशिवाय एक दिवस यांचं अडेल. अडलं. पण जसं वाटलं होतं तसं नाही.

त्या उन्हाळ्यात पटकीची भीती होती. आजूबाजूच्या जत्रांतून बातम्या येत होत्या. ज्या विहिरीवरून छावणीचं पाणी भरायचो ती माझ्या घराच्या समोरच, रस्त्यापलीकडे. एक दिवस मी पहाटेच्या अंधुक उजेडात गाड्या भरल्या आणि पाणी जरा तांबूस दिसलं. मला वाटलं, उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की विहिरीचा मुरूम सुटतो, तसा सुटला. अनेकदा पाहिलेलं होतं. विचारायचं काय त्यात?

छावणीत पोचेपर्यंत ऊन वर आलं. बायांनी घागरी लावल्या आणि पाणी पडलं गुलाबी. लाल म्हणा हवं तर. छावणीत एक म्हातारी होती, सगळे तिला अम्मा म्हणत. सगळ्या बाया तिच्या शब्दाने चालत. तिने घागरीत पाहिलं आणि ती घागर माझ्या पायावर ओतली.

"जमादार, इसमें क्या है?"

"मिट्टी है, अम्मा," मी म्हणालो. "कुएँ की मिट्टी."

तेवढ्यात दवाखान्याचा कंपाउंडर सायकलवरून आला. त्याला विचारलं. तो म्हणाला, "दवा है."

हवालदार धावत आला. त्याला वाटलं, दंगा होतो. तो म्हणाला, "कुछ नहीं है. चुपचाप पिओ."

आता एका पाण्याचे तीन जबाब झाले. मिट्टी, दवा, कुछ नहीं. ती माणसं गावं सोडून पळताना विहिरींत विष टाकल्याच्या गोष्टी ऐकून आलेली. कोणाचं खरं मानायचं त्यांनी? एकीने घागर ओतली, दुसरीने ओतली. बघता बघता चिखल झाला. पोरं रडू लागली. आणि काही माणसं घागरी घेऊन मागच्या नाल्याकडे निघाली. त्या नाल्यात उन्हाळ्यात डबकी उरतात, ज्यांत गुरंसुद्धा तोंड घालताना थांबतात. डॉक्टरने ज्या पटकीसाठी दवा टाकली होती ती पटकी त्या डबक्यांत बसूनच होती.

मागाहून समजलं, दवेचं डॉक्टरने आदल्या दिवशी निंबाखाली विडा उचलून सांगितलं होतं. सगळ्यांना माहीत होतं. पाणी नेणाऱ्याला नव्हतं, कारण पाणी नेणारा निंबाखाली जात नव्हता. लोक म्हणतात यात माझी चूक. मी म्हणतो, डॉक्टरने गाडीपाशी येऊन सांगायला हवं होतं. दवा माझ्या पाण्यात टाकली ना? मग मला सांगा. आजही हेच म्हणतो.

साहेब आला. छत्री काखेत, हातात तबक. सकाळचं तबक तसंच उचलून आणलेलं, त्यात एकच विडा राहिलेला, माझा. लोकांकडे पाहून तो बोललाच नाही. आम्हा तिघांना म्हणाला, "एका पाण्याला तीन नावं पडली. चौथं मी ठेवत नाही. जो हे पितो त्यानेच सांगावं." आणि तबक माझ्यापुढे धरलं. "उचला, पाणी. हे तुम्हाला रोज पाहतात. माझं ऐकणार नाहीत."

सगळी छावणी माझ्याकडे पाहत होती. अम्मा पाहत होती. मला बोलायचं होतं, खोटं कशाला सांगू. पण विडा उचलून? ज्या माणसाने माझी खुर्ची पानांच्या टोपलीला दिली त्याच्या तबकातून? मी म्हणालो, "दुसऱ्याच्या तबकातला विडा मी उचलत नाई."

तबक तसंच धरलेलं. साहेबाचा हात हलला नाही. आणि मग त्या तबकात एक हात आला, हिरव्या काचेच्या बांगड्यांचा. मी तो हात ओळखला.

माझी बायको. विहिरीवर कोणीतरी छावणीतल्या गलक्याचं सांगितलं, तशी कमरेवरच्या घागरीसकट आली होती. चार माणसांत जिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता, डोक्यावरचा पदर जिचा कधी सरकला नव्हता, तिने विडा उचलला आणि तोंडात टाकला. छावणीतल्या बायांकडून तिला रीत माहीत झालेली असणार.

साहेबाने नेहमीचा प्रश्न विचारला, "काय माहीत नाही तुम्हाला, बाई?"

मला वाटलं, आता गडबडते. ती विचार करू लागली. म्हणाली, "मले हे माहीत नाई, का याच्यानं पांढरं लुगडं लाल होते का."

दोन-तीन माणसं हसली. कोणीतरी अम्माला ते हिंदीत सांगितलं. अम्मा हसली नाही. ती पुढे आली.

मग माझी बायको बोलली, "बाकी सांगतो. हे पानी माह्या घरी बी असंच हाये, हे पाहा." कमरेवरची घागर वाकडी केली. तेच गुलाबी पाणी. "काल सांजच्याला दवाखान्याचे भाऊ विहिरीत काही टाकून राह्यले होते. म्या इचारलं. ते म्हनाले, पटकीची दवा. सकाळपासून आमी हेच पिऊन राह्यलो. भात बी याच्यातच शिजला. माह्या सासूनं खाल्ला अन् वरतून म्हने, मीठ कमी हाये."

अम्माने आपल्या पांढऱ्या ओढणीचं टोक घागरीत बुडवलं, पिळलं आणि उन्हात धरलं. सगळ्या बाया त्या टोकाकडे पाहत राहिल्या. किंचित तांबूस डाग आला.

"थोडा होता है," अम्मा माझ्या बायकोला म्हणाली. जशी विहिरीवर एक बाई दुसरीला सांगते तशी. आणि मग ती माझ्या घरच्या घागरीला तोंड लावून पाणी प्याली.

नाल्याकडे गेलेली माणसं हाका मारून परत आणली. मी दुसरी खेप भरून आणली. कोणी ओतली नाही.

घरी गेल्यावर मी तोंड उघडलं.

"दुसऱ्याच्या तबकातला विडा उचलला!"

"तुमी उचलला नाई म्हून उचलला."

"तोंड लाल करून आली चार माणसात!"

"हौश्याचं बी लाल हाये. त्याले तं तुमी काही म्हनलं नाई."

"अन् दवेचं मले काहून नाई सांगितलं?"

"तुमी इचारलं काहून नाई?" ती चुलीत फुंकर मारत म्हणाली. "तुमाले तं सगळंच माहीत असते."

दुसऱ्या दिवशी साहेबाचा शिपाई घरी आला. माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी. निंबाखाली तिला बसायला दिली ती लोखंडी खुर्ची. हो, तीच. टोपली खाली ठेवली आणि खुर्ची तिच्यापुढे केली. ती खुर्चीवर बसली नाही, सतरंजीच्या कडेला बसली, पण खुर्ची दिली तर होती. छत्रीचं टोक तिच्याकडे करून साहेब म्हणाला, "या, पाणी."

मी रस्त्यावर गाडीत होतो. मी ओरडून विचारलं, "मंग मी कोन?"

टोक माझ्याकडे वळलं. "तुम्ही गाडी."

तेव्हापासून मी गाडी आणि ती पाणी. सकाळी ती निंबाखाली जाई, बाया तिच्याभोवती जमत. कोणत्या बराकीत बाळंतीण, कोणत्या चुलीला सरपण नाही, हे ती सांगे. डॉक्टर मान डोलवे. मी दुरून पाहत असे. हसणं ऐकू यायचं, शब्द ऐकू यायचे नाहीत. संध्याकाळी ती भाकरी थापायची आणि तिच्या पोटात साऱ्या छावणीची खबर असे. मी विचारावं आणि तिने सांगावं, एवढंच राहिलं होतं. मी विचारलं नाही. भाजीत तिखट काहून जास्त, तेवढं विचारायचो. साहेबाचा हेवा मला आधीपासून होताच. आता घरात, चुलीपाशी, दुसरा हेवा येऊन बसला. कोणता जास्त पोळायचा ते सांगता येत नाही.

एक आठवण पुढची आहे, पण इथेच सांगतो. साठच्या पुढचं साल असेल. मी अकोल्याच्या एस. टी. स्टँडवर बसची वाट पाहत बसलो होतो. शेजारी माझ्याच वयाचा माणूस. बोलता बोलता निघालं की तोही कमेटीत पाण्याच्या गाडीवर होता. म्हणाला, "आमच्या सिंधी छावनीत एक साहेब होते. आमचे साहेब. इकडे चिंचेखाली विडे ठेवत. मी होतो पानी."

"पानी मी होतो," मी म्हणालो.

"तुमी कुठले?"

"अमरावतीचा. तुह्या आधी मी होतो. तुह्याजवळ आला तो माह्या पान्यावरून गेलेला माणूस."

"आमचे साहेब मरेपर्यंत आमचेच होते," तो म्हणाला. असा समजला मला साहेब गेल्याचा निरोप. मी त्याच्या सदऱ्याला हात घातला. कंडक्टर मध्ये पडला. मधल्या काळात मी गाडी होतो हे मी त्याला सांगितलं नाही, सांगण्याचं काही कारण नव्हतं.

तर साहेबाची अकोल्याला बदली झाली ती पावसाळ्याच्या तोंडावर. तिकडच्या छावणीत फार घोळ झाला होता, तिकडेही सगळ्यांनी सगळ्यांना कळवलं होतं. निघायच्या दिवशी निंबाखाली सगळे जमले. छत्री त्याने ठेवली, अडकित्ता खिशात टाकला. तबक राहिलं. डॉक्टरला वाटलं आपल्याला, रॉकेलला वाटलं आपल्याला. मलाही वाटलं असेल, कोण जाणे. साहेबाने फडक्याने तबक पुसलं आणि माझ्या बायकोच्या हातात दिलं.

"आता तुम्ही तबक," म्हणाला.

तिने पदर पुढे करून घेतलं. मला वाटलं, माझ्या छातीवर कोणी पिंप ठेवलं.

मग तो माझ्याकडे आला. "गाडी, बडनेऱ्याला सोडता का?" टांगे होते, लोक होते, पण त्याने मलाच विचारलं. पिंपाच्या पुढे, माझ्या शेजारी, जुवाच्या मागे बसला. मांडीवर पानांची टोपली. हौश्या मागे वळून वळून पाहत होता.

शेवटी मी विचारलं, "माहा विडा रोज लावला. मी उचलत नाई हे दिसत होतं. मंग काहून लावत होते?"

"खबर कोणी फुकट देत नाही," साहेब म्हणाला. "मान घेऊन देतो. तुमचा मान रोज तयार ठेवत होतो. तुम्ही घेतला नाही, बैलाने घेतला. वाया गेला नाही." मग म्हणाला, "जाता जाता सांगा. काय माहीत नाही तुम्हाला?"

"मले सगळं माहीत हाये," मी म्हणालो.

साहेब हसला. त्याला तेवढं मोठ्याने हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. "म्हणूनच तुमच्याकडून काही कळत नाही, गाडी."

बडनेऱ्याच्या फलाटावर गाडी यायला वेळ होता. टोपलीवरचं फडकं वाऱ्याने सुकलं होतं. मी पिंपातून ओंजळ भरून आणली आणि त्याच्यावर शिंपडली. साहेबाने पाहिलं. गाडी आली, त्याची छत्री डब्यात चढली, मग तो चढला. अकोल्याकडे गेली गाडी.

घरी आलो तर बायको विडे लावत बसली होती. चुना हाताला लागलेला, कात पदराला. मी जेवलो आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीवर गाड्या भरल्या आणि छावणीकडे निघालो. निंबाखाली सतरंजी होती, पुढे तबक, मागे ती. दुसरं अजून कोणी आलं नव्हतं. कोणी येईल की नाही याची तिला धास्ती असावी, पदर सारखा नीट करत होती. हौश्या नेहमीसारखा झाडाकडे वळला. त्या दिवशी मी चाबूक दाखवला नाही. गाडी सोडली, उतरलो आणि सतरंजीपाशी गेलो.

दुसऱ्याच्या तबकातला विडा उचलणार नाही असं मी बोललो होतो. मी बोललेलं मोडत नाही. पण हे तबक आता दुसऱ्याचं नव्हतं, माझ्या घरचं होतं.

मी विडा उचलला.

नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, म्हणून लग्न झाल्यापासून तिने मला कधी कशानेच हाक मारली नव्हती. तिने माझ्याकडे पाहिलं. "या, पानी," म्हणाली. आणि मग साहेबासारखंच, पण हळू आवाजात, "काय माहीत नाई तुमाले?"

मी विडा तोंडात टाकला. चुना जरा जास्त झाला होता.

"मले हे माहीत नाई," मी म्हणालो, "का अकोल्यात त्यायच्या पानावर पानी कोन शिंपडते."